मोबाइलवर लिहायचं की गप्प बसायचं?

"मोबाइलवर काही लिहू नका, पोलीस नेतील," असं आम्हा गटातल्या बायकांना घरचेच सांगतात. ही भीती उगीच आलेली नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या एका मुलीला अटक झाली. मैत्रिणीनं नुसतं 'लाइक' केलं, तिलाही धरलं. तेव्हा आयटी कायद्यात कलम ६६अ होतं. त्रासदायक मजकूर पाठवला, तर तीन वर्षांपर्यंत कैद! दिल्लीची २१ वर्षांची श्रेया सिंघल सुप्रीम कोर्टात गेली. २४ मार्च २०१५ रोजी कोर्टानं ते कलमच रद्द केलं.

मग कायदाच नको का? हवा की! बाईचा खासगी फोटो चोरून काढणाऱ्याला, पसरवणाऱ्याला शिक्षा देणारं कलम ६६ई आजही आहे. २०२१ सारखा महाडला पूर आला, तळियेसारखी दरड कोसळली, तर तेव्हा खोटी अफवा उठवून घबराट पसरवणं हाही गुन्हाच.

पण रेशन का आलं नाही, पोलादपूरच्या वाडीवर टँकर का पोचला नाही, हे विचारणं गुन्हा नाही. म्हणून आम्ही गटात ठरवलंय: आधी खात्री करायची, शिवी द्यायची नाही, आणि खरं ते आपल्या नावानं लिहायचं. तुमच्या गटातही हे बोला.