परमिट त्याचं, स्टेअरिंग आमचं

(भोर इथं जीपचालक आणि कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)

मला भाषणाची सवय नाही. मला हाळी द्यायची सवय आहे. "वेल्हे, वेल्हे, विंझर, वेल्हे... एक सीट, एक सीट!" नसरापूरला अकरा वर्षं ही हाळी देऊन घसा बसलाय. आवाज चिरका वाटला तर समजून घ्या. २०२४ साली मंत्रिमंडळानं वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं. ठरवू द्या. हाळी अजून वेल्ह्याचीच आहे.

पुण्याहून आलेल्या मित्रांना टॅक्सी म्हटलं की मीटरची नाहीतर मोबाईलवर बोलावलेली गाडी दिसते. आमच्याकडं टॅक्सी म्हणजे माणसं भरल्याशिवाय न हलणारी जीप. वडाप. मागं चार, मध्ये चार, पुढं तीन, आणि बाजाराचा दिवस असला तर ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून अजून एक. ही गाडी बेकायदेशीर आहे हे पोलिसाला माहीत, मालकाला माहीत, आत बसलेल्या मास्तरालाही माहीत. पण केळदकडची बाळंतीण खाली आणायची असली की कायदा कुणी विचारत नाही.

माझा आजा येसकर होता. गावात कुणी मेलं की मढ्याचा सांगावा घेऊन तो रात्री-बेरात्री डोंगर तुडवत पाव्हण्यांच्या गावाला जायचा. त्याचं भाडं काय? भाकरीचा तुकडा. म्हणजे वाहतुकीचा धंदा आमच्या घरात तीन पिढ्यांचा आहे. फक्त गाडी आमची कधी नव्हती. आज्याकडं पाय होते, माझ्याकडं स्टेअरिंग आलं. परमिट दोघांकडंही नाही.

हे मी गमतीनं सांगत नाही. १९२९ साली बाबासाहेब धुळ्याहून येताना चाळीसगावला उतरले, तेव्हाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. स्टेशनवर टांगे होते, पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला कुणी तयार होईना. माणूस बॅरिस्टर, सरकारनं नेमलेल्या चौकशी समितीचा सभासद! शेवटी तडजोड काय निघाली? टांगा भाड्यानं मिळेल, टांगेवाला येणार नाही. मग आपल्यातलाच एक जण लगाम धरून बसला. त्यानं आधी कधी टांगा हाकलेला नव्हता. पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला, घोडा आणि टांगा खाली नदीत.

ही गोष्ट आपण टांगेवाल्याच्या उर्मटपणासाठी सांगतो. मी ती दुसऱ्या बाजूनं बघतो, कारण मी ड्रायव्हर आहे. त्या दिवशी स्टेशनवर आपला एक जरी टांगा असता, आपला एक जरी सराईत टांगेवाला असता, तर तो पाय मोडला नसता. धंद्यात आपला माणूस नसणं म्हणजे काय, ते त्या मोडलेल्या हाडाला विचारा.

आता आपण हाकायला शिकलो. या दोन तालुक्यांत आपली कितीतरी पोरं स्टेअरिंगवर आहेत. पण संध्याकाळी गाडी कुणाच्या दारात उभी राहते? मी चालवायचो ती जीप मालकाची. दिवसाचा ठरलेला आकडा त्याच्या हातात ठेवायचा, डिझेल टाकायचं, उरलं ते माझं. जास्त सीट भरली म्हणून पावती फाटली की ती माझ्या खिशातून. सीट जास्त भरल्याशिवाय मालकाचा आकडा गाठायचा कसा, हे मालक सांगत नाही, साहेबही सांगत नाही.

एक गोष्ट आजवर फक्त घरी बोललोय. मी गाडीत काचेच्या खाली बाबासाहेबांचा छोटा फोटो लावला होता. महिनाभरानं मालक म्हणाला, "तुझा फोटो तुझ्या घरी लाव. गिऱ्हाईक बघतं आणि मागच्या गाडीत बसतं." मी म्हटलं, "अण्णा, मागच्या गाडीतपण देव लावलेत." तो म्हणाला, "गाडी माझी आहे." झालं. वाद संपला. पोरीची फी भरायची होती. मी फोटो काढला आणि लायसनच्या पाकिटात ठेवला. तुमच्यातल्या कुणाला हे भ्याडपण वाटत असेल तर वाटू द्या. मला फक्त ते तीन शब्द ऐकवायचेत. गाडी माझी आहे.

मग म्हणाल, स्वतःची घ्या की. गेलो होतो. एका महामंडळात कर्जाची फाईल घेऊन गेलो. जामीनदार आणा म्हणाले. जमीन असलेला आणा म्हणाले. गावात जमीन कुणाची? मालकाची! ज्याच्या गाडीवरून उतरायचं त्यालाच जामीन राहा म्हणून विनवायचं. मी फाईल घेऊन परत आलो.

आता कायदा बघू. मी आठवी शिकलेला माणूस, पण मोटार वाहन कायदा १९८८ चिवटपणे वाचून काढलाय. त्याच्या कलम ७१ मध्ये अनुसूचित जाती-जमातींना परमिटमध्ये राखीव वाटा आहे. हरखून गेलो ना? मीही गेलो होतो. पुढं वाचा. तो वाटा टप्पा वाहतुकीचा, म्हणजे बसचा. तोही पाच लाखांवर वस्तीच्या शहरात, आणि जिथं गाड्यांची संख्या ठरवून दिलीय तिथंच. आमचे दोन्ही तालुके एका ताटात वाढले तरी पाच लाख भरत नाहीत. शिवाय महाराष्ट्रात टप्पा वाहतूक एसटीची. म्हणजे ज्या दाराला कुलूप आहे त्या दारावर आपल्या नावाची पाटी लावलीय.

आणि टॅक्सीचं दार? ते कलम ७४. तिथंही मोठ्या शहरात परमिटांची संख्या बांधली तर अग्रक्रम कुणाला द्यायचा याची यादी आहे. पर्यटन महामंडळं आहेत, राज्य परिवहन आहे, सहकारी संस्था आहेत, माजी सैनिक आहेत. आपण नाही. एका कलमात आपण आठवतो, तीन कलमं ओलांडली की आपला विसर पडतो. बाकी ठिकाणी परमिट कुणालाही मिळतं म्हणे. मिळतं, गाडी असेल त्याला.

अजून एक. परमिटाचे निर्णय घेतं ते प्रादेशिक परिवहन प्राधिकरण. कलम ६८ म्हणतं, अध्यक्ष सोडून जास्तीत जास्त दोन सभासद, अधिकारी असोत की बाहेरचे. पण वाहतुकीच्या धंद्यात मालक म्हणून किंवा नोकर म्हणून ज्याचा पैशाचा संबंध आहे तो तिथं बसू शकत नाही. मालकाला बंदी, ठीक. पण नोकरालाही? मालकाचं गाऱ्हाणं साहेबाच्या बंगल्यावर चहाबरोबर पोचतं. ड्रायव्हरचं गाऱ्हाणं कुठं पोचतं? फाट्यावरच्या टपरीपर्यंत.

२०२१ च्या नोव्हेंबरात एसटीचा संप चालू होता, तेव्हा सरकारनं अधिसूचना काढून खाजगी बसच काय, मालवाहू गाड्यांनाही माणसं न्यायची परवानगी दिली. त्या दिवसांत फाट्यावर पोलीस आम्हाला हात करून म्हणायचा, "घे रे ही दोन माणसं." २०२२ च्या एप्रिलात संप मिटला. तोच पोलीस, तोच फाटा, तोच मी. पावती फाटली. एसटी स्टँडपासून दोनशे मीटरच्या आत उभं राहायचं नाही, हा नियम पुन्हा जागा झाला.

पण दोस्तहो, इथं एक फसगत आहे. काही मालक आता आपल्याला म्हणतात, चला एसटीविरुद्ध मोर्चा काढू. मी त्यात नाही. एसटीत राखीव जागांवर आपली माणसं ड्रायव्हर-कंडक्टर झाली, पगार घेतात, पेन्शन-फंडाची भाषा बोलतात. २०२३ च्या मार्चपासून बायकांना निम्मं तिकीट झालं, तर माझी आईसुद्धा माझी जीप सोडून एसटीत बसते. बसू दे. माझी सीट रिकामी जाते म्हणून मी तिच्या निम्म्या तिकिटावर उठू काय? आपलं भांडण एसटीशी नाही. जिथं दिवसाला एसटी एकदा जाते, नाहीतर पावसात जातच नाही, त्या खोऱ्यांत माणशी भाड्याची जीप कायदेशीर करा, आणि ती चालवणाऱ्याच्या नावावर करा, एवढंच आहे.

२०२४ साली ऑटोरिक्षा आणि मीटर टॅक्सी चालकांचं कल्याणकारी मंडळ निघालं. चांगलं झालं. पण मीटर! वेल्ह्याच्या जीपला मीटर कुठला? आमचा मीटर म्हणजे मागच्या सीटवरची म्हातारी. "माझ्याकडं दहाच रुपये हायती बाबा."

तर आता कामाचं. सहकारी संस्था त्या यादीत आहे हे मघाशी सांगितलं. आपण चालकांची सहकारी संस्था नोंदवतोय. गाडी संस्थेची, चालक सभासद. जामीन कुणा एका जमीनदाराचा नाही, सगळ्यांचा सगळ्यांना. दुसरं, कलम ७१ मधला वाटा ७४ मध्येही आणा आणि पाच लाखांची अट काढा, असा अर्ज. आणि तिसरं, प्राधिकरणात चालकाला सभासद करता येत नसेल तर भोरला वर्षातून एकदा उघडी सुनावणी घ्या.

सह्यांचा कागद मागून येतोय. बॅज असेल त्यानं बॅज नंबर लिहा, नसेल त्यानं नुसतं नाव. मालकाच्या भीतीनं ज्याला सही जमत नाही त्यानं करू नये. मी त्याला नावं ठेवणार नाही, मी फोटो काढलेला माणूस आहे.

आणि वीस मार्चला चवदार तळ्यावर जाणाऱ्यांसाठी, वरंध घाटातून महाडला तीन जीप ठरल्यात. भाडं माणशी घेऊ, म्हणजे ते बेकायदेशीर आहे, ते तुम्ही ऐकलं नाही. पहाटे पाचला या. एसटी स्टँडच्या दारात उभं राहू नका, दोनशे मीटर पुढं, वडाच्या अंगाला उभे राहा. अलीकडं थांबलं की पावती फाटते.