ट्रॉफी कुणाच्या हातात?

मागे खटखट ऐकू येत असेल तर हेडफोनला दोष देऊ नका. ती आमच्या मागच्या गल्लीतली पॉवरलूम आहे. भिवंडीत राहून शांततेत रेकॉर्डिंग करायचं म्हणजे अंजूरफाट्याला संध्याकाळी सात वाजता रिकामा रस्ता शोधण्यासारखं आहे. ब्लॉगवर वाचणाऱ्यांना ही खटखट नाही, त्यांची मजा आहे. (वाचणाऱ्यांसाठी मी माझे 'म्हणजे... म्हणजे...' पण काढून टाकलेत.)

आजचा विषय मी निवडलेला नाही. गेल्या महिन्यात माझ्या आत्तेभावाचा रात्री साडेअकराला फोन आला. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे, गातो. त्याचं नाव घेणार नाही, पण हा एपिसोड त्याला विचारून करतोय. म्हणाला, "दादूस, आपल्या इथल्या एका मंडळाचा फोन आलेला. मला पुरस्कार देतायत. शाल, ट्रॉफी, सगळं."

मी म्हटलं, अरे वा! पार्टी!

तो म्हणाला, "पण कशाबद्दल देतायत ते कळंना. आवाजाबद्दल, की मी 'तसला' असून गातो म्हणून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी नेहमीचं केलं, वीसेक टॅब उघडले आणि वाचत बसलो. जगात असे पुरस्कार आहेत का, म्हणजे एलजीबीटीक्यू लोकांबद्दल समाजाचं मन मोकळं करणाऱ्या गायकांना, संगीतकारांना दिले जाणारे? आहेत की. अमेरिकेत 'ग्लाड' नावाची संस्था १९८५ पासून आहे, १९९० पासून ती मीडिया पुरस्कार देते, त्यात संगीतासाठी वेगळा विभाग आहे. २०२२ मध्ये तो लिल नॅस एक्सला मिळाला. तुमच्यातल्या अर्ध्या लोकांच्या प्लेलिस्टमध्ये तो असेल. तिथे गणित सोपं आहे. माणूस स्वतः उघडपणे समलिंगी, गाणं त्याचं, ट्रॉफी त्याच्याच हातात.

आता आपल्याकडे या. इथे गणित एवढं सोपं नाही.

पहिलं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे. 'जोगवा'. राजीव पाटील यांचा सिनेमा, २००९ मध्ये थिएटरात आला. राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांचा त्याला आधार आहे. छप्पन्नाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला पाच पुरस्कार मिळाले. अभिनयाचा उपेंद्र लिमये यांना, संगीताचा अजय-अतुल यांना, गाण्याचे हरिहरन आणि श्रेया घोषाल यांना, आणि सामाजिक विषयावरचा सिनेमा म्हणून एक सिनेमाला. एका मराठी सिनेमाने संगीताचे तिन्ही उचलले! मी तेव्हा शाळेत होतो. आमच्याकडच्या प्रत्येक बँजो पार्टीने ती गाणी बसवली होती.

पण थांबा, इथे एक गोष्ट नीट बोलायला पाहिजे. 'जोगवा'तला तायप्पा समलिंगी नाही, तृतीयपंथीही नाही. त्याच्यावर लुगडं लादलं जातं. गाव त्याला देवीला सोडतं, त्याचं प्रेम मात्र सुलीवर आहे, म्हणजे बाईवर. त्यामुळे 'हा मराठीतला एलजीबीटी सिनेमा' असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. कुणीतरी जबरदस्तीने तुमच्या अंगावर लुगडं चढवणं वेगळं आणि तुम्हाला आतून तेच नेसावंसं वाटणं वेगळं. उलट दिशेच्या दोन गोष्टी आहेत. पण सिनेमा पाहून बाहेर पडलेल्या पोरांना हा फरक कुठे कळतो? आमच्या वर्गात एक मुलगा जरा हळू बोलायचा. त्याचं नाव दुसऱ्या दिवसापासून 'जोगत्या' पडलं. गाणी आम्हाला तोंडपाठ होती आणि त्याच सिनेमातला शब्द शिवी म्हणून वापरत होतो.

आणि खरे जोगते? सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर कोल्हापूर-सांगलीकडून पिढ्यानपिढ्या जातायत, डोक्यावर जग, हातात चौंडकं, कपाळाला भंडारा. मंगळवारी-शुक्रवारी दारोदार जोगवा मागतायत. चौंडक्याचा तो ताणलेला, ओढल्यासारखा आवाज त्यांच्याकडूनच सगळीकडे पोचलाय. त्या पाच पुरस्कारांच्या यादीत त्यांच्यातलं कुणी नाही. मी अजय-अतुलना दोष देत नाहीये हां, उगाच कमेंटमध्ये तुटून पडू नका. त्यांचं काम अस्सलच आहे. पुरस्कार सिनेमाचे होते, सिनेमा ज्यांनी केला त्यांना मिळाले. मी फक्त यादी वाचून दाखवतोय.

दुसरं उदाहरण मुंबईचं. जानेवारी २०१६ मध्ये 'सिक्स पॅक बँड' आला. सहा तृतीयपंथी गायिकांचा बँड. यशराजच्या वाय-फिल्म्सने काढलेला, सोबत ब्रुक बाँड रेड लेबल चहा, संगीतकार शमीर टंडन. फॅरल विल्यम्सच्या 'हॅपी'चं 'हम हैं हॅपी' केलं, पुढे एका गाण्यात सोनू निगम होता, एकात हृतिक रोशन. 'हॅपी'मध्ये टाळ्या आहेतच, पण ती टाळी या सहा जणींच्या हातात गेली की तिचा अर्थच बदलतो. सिग्नलला जी ऐकून आपण गाडीची काच वर करतो, तीच टाळी इथे ताल धरते. मला ती कल्पना तेव्हाही आवडली होती आणि आजही आवडते.

त्याच वर्षी फ्रान्समधल्या कान लायन्स या जाहिरातींच्या महोत्सवात या बँडला 'ग्लास लायन'ची ग्राँ प्री मिळाली. लिंगभेदाच्या विरोधातल्या कामासाठीचा हा पुरस्कार २०१५ मध्येच सुरू झाला होता. गंमत म्हणजे पहिल्या वर्षीची ग्राँ प्रीसुद्धा भारतातच आली होती, व्हिस्परच्या लोणच्याच्या जाहिरातीला. जगातला सगळ्यात मोठा मान! पण तो मिळाला 'माइंडशेअर मुंबई'ला, म्हणजे मीडिया एजन्सीला, कारण महोत्सवच जाहिरातवाल्यांचा.

आम्ही सॉफ्टवेअरवाले हे रोज बघतो. रात्री दोनला बग कोण शोधतं आणि सकाळच्या मेलमध्ये 'ग्रेट जॉब' कुणाला मिळतं! निदान गिटच्या हिस्ट्रीमध्ये तरी तुमचं नाव राहतं, ट्रॉफीला तशी हिस्ट्री नसते. नंतर 'सिक्स पॅक बँड २.०' आला तो विशेष गरजा असलेल्या मुलांचा. तेही चांगलंच काम. पण बँडचं नाव पुढे गेलं आणि आधीच्या सहा जणी त्यात नव्हत्या, म्हणजे नाव कुणाच्या मालकीचं होतं ते कळतं.

तरी मी 'नुसती चहाची जाहिरात होती' असं म्हणून हात झटकणार नाही. २०१६ म्हणजे काय काळ होता ते आठवा. १५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टाने नालसा निकालात तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली होती, पण कलम ३७७ अजून होतं. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते गेलं ६ सप्टेंबर २०१८ ला. त्या मधल्या काळात, जेवताना टीव्ही बघणाऱ्या माझ्या आईने या सहा जणींना गाताना पाहिलं आणि चॅनेल बदललं नाही. आमच्या घराच्या हिशेबाने ही मोठी गोष्ट आहे.

आता तिसरं उदाहरण. हे भावाला सांगितलं तेव्हा तो फोनवर बराच वेळ गप्प होता.

मंजम्मा जोगती. बळ्ळारीकडच्या. लहानपणी मुलगा म्हणून वाढल्या, आतून मुलगी. घरच्यांनी होस्पेटजवळच्या हुलिगेम्मा देवीच्या देवळात नेऊन जोगती करून सोडलं. पुढे खूप भोगलं, ते मी इथे रंगवून सांगत बसत नाही. दावणगेरेच्या बस स्टँडवर एक बाप-लेक डोक्यावर कलश तोलत नाचताना त्यांनी पाहिले आणि त्यांच्याकडून त्या नाच शिकल्या. मग काळव्वा जोगतींच्या मेळ्यात गेल्या, काळव्वांच्या नंतर तो मेळा त्यांनीच चालवला. गावोगावी, वर्षानुवर्षं. २०१९ मध्ये त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या. त्या पदावर आलेल्या पहिल्या तृतीयपंथी. २०२१ मध्ये पद्मश्री.

नोव्हेंबर २०२१ चा राष्ट्रपती भवनातला व्हिडिओ तुम्ही बघितला असेल. नसेल तर आज बघा, मिनिटभराचाही नाही. पुरस्कार घ्यायला जाताना त्या राष्ट्रपती कोविंद यांच्यासमोर थांबतात, पदराने त्यांची दृष्ट काढतात आणि मग पुढे होतात. देशाचा प्रमुख हात जोडून उभा आणि जिला घराने सोडलं ती बाई त्याला आशीर्वाद देतेय.

इथे पुरस्कार थेट त्यांच्या हातात आला, मध्ये कुणी नाही. आणि तो कलेसाठी होता. जोगती नृत्य, जोगतीची गाणी. 'तृतीयपंथी असूनही' असा बक्षिसाचा प्रकार नव्हता. त्यांचं असणं आणि त्यांची कला यांच्यात फट पाडायची गरजच कुणाला पडली नाही, कारण ती परंपराच त्यांच्यासारख्यांनी जिवंत ठेवलीय.

भाऊ शेवटी एवढंच म्हणाला, "म्हणजे माझ्या ढवळ्यांसारखं."

आता हे सांगावं लागेल. आम्ही आगरी. आमच्या लग्नात ढवळारीण असते. ढवळे गाणारी बाई. हळदीपासून एकेका विधीला तिचं गाणं ठरलेलं, ती गात नाही तोवर विधी पुढे सरकत नाही. आमची आजी ढवळारीण होती. कागदावर काहीही नाही, सगळं डोक्यात. आणि तिच्या मांडीला मांडी लावून बसून ते सगळं कुणी उचललं असेल, तर या भावाने. मुलींना शाळा-क्लास होते, आम्हा मुलांना क्रिकेट. तो बसायचा.

मे २०१७, गावातली एक हळद. माझी इंजिनिअरिंगची परीक्षा नुकतीच संपली होती. अंगणात बायकांच्या घोळक्यात हा बसलेला, डोळे मिटून, आजीच्या आवाजात आवाज मिसळून गात होता. बायकांना त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. मागे आम्ही पोरं उभी. कुणीतरी काहीतरी बोललं, आम्ही हसलो. आणि मी मोबाइल काढला. व्हॉट्सॲप स्टेटस तेव्हा नवं नवं आलं होतं. मी त्याचा वीस सेकंदांचा व्हिडिओ टाकला, खाली लिहिलं 'आमची नवीन ढवळारीण', आणि तीन हसणारे इमोजी.

सकाळपर्यंत तो गावातल्या सगळ्या ग्रुपवर होता. मी डिलीट केला, पण त्याला काय अर्थ?

तो गायचा थांबला. माझ्याशी बोलायचाही थांबला. आत्या मला म्हणाली, "जाऊ दे रे, पोरं करतात मस्ती," आणि ते ऐकून मला जास्त लाज वाटली. पुढच्या वर्षी ६ सप्टेंबरला संध्याकाळी त्याचा मेसेज आला, वर्षाहून जास्त दिवसांनी पहिला. 'बातमी बघितलीस? ती माझ्याबद्दल पण आहे.' बस, एवढंच. मी ऑफिसच्या बसमध्ये होतो, माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये. उत्तर टाइप करायला मला कशेळीच्या पुलापर्यंत वेळ लागला. 'सॉरी' लिहिलं. व्हिडिओबद्दल, हे वेगळं लिहावं लागलं नाही.

एक मात्र त्याने मला नंतर खडसावून सांगितलं आणि तुम्हालाही सांग म्हणाला. ढवळे गातो म्हणून तो समलिंगी नाही आणि समलिंगी आहे म्हणून ढवळे गात नाही. लोक दोन्ही एकत्र बांधतात. मराठी सिनेमात गणपत पाटलांनी नाच्या असा उभा केला की लोक त्यांना खऱ्या आयुष्यातही तसंच समजायला लागले. संसारी माणूस, मुलंबाळं असलेला, आणि घरच्यांनाही त्याचा त्रास झाला. त्याच महाराष्ट्राने स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांना डोक्यावर घेतलं, सरकारने १९६४ मध्ये पद्मभूषण दिला. एकाला नमस्कार आणि दुसऱ्याला टोमणे, हे आपण कशावरून ठरवतो ते मला अजून कळलेलं नाही. रंगमहालात बाई झालं तर कला आणि फडावर झालं तर थट्टा, असं काहीतरी असावं.

तर, मंडळाचा पुरस्कार. गेल्या रविवारी आम्ही दोघं कार्यकर्त्यांना भेटायला गेलो. चांगली माणसं आहेत, चहा पाजला. ट्रॉफीवर काय कोरायचं ते त्यांनी कागदावर लिहून ठेवलं होतं. 'समाजाची बंधने झुगारून' वगैरे. भावाने पेन मागितलं, ते सगळं खोडलं आणि लिहिलं, 'ढवळे गायन'. कार्यकर्ते एकमेकांकडे बघायला लागले. मग म्हणाला, "आजी नाही आता, पण तिच्याबरोबर गाणाऱ्या चार जणी आहेत गावात. सत्तरीच्या पुढच्या. त्यांना आजवर कुणी नारळ पण दिला नाही. त्या स्टेजवर असतील तर मी येतो."

एक काका म्हणाले, बजेट एका ट्रॉफीचं आहे. दुसरे म्हणाले, स्टेज बारा बाय आठचं आहे, पाहुण्यांच्या खुर्च्या कुठे घालायच्या? बघू, कळवतो म्हणाले. अजून कळवलेलं नाही.

येताना बाइकवर मी त्याला विचारलं, समजा हो म्हणाले तर माझं काय काम? म्हणाला, "तू साउंडचं बघ. त्या डीजेवाल्याला सांग, मना ट्रॉफी नाय दिली तरी चालंल, पण पायाशी एक मॉनिटर लाव. गेल्या वेळी माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता."

तर मी या आठवड्यात मॉनिटर शोधतोय. भिवंडी-कल्याण पट्ट्यात कुणाकडे भाड्याने मिळत असेल तर मेसेज टाका, दोन लागतील. पाच माणसं आहेत, एकाने भागणार नाही. भेटू पुढच्या शनिवारी.