साचा आणि साखरगाठी

गुढीपाडवा जवळ आला, कीं हलवायाच्या घरीं साखरगाठींचे लांकडी साचे बाहेर निघतात. साच्यांत आधीं दोरा ठेवावयाचा आणि मग पाक ओतावयाचा. पाक थिजला, कीं एकसारख्या पदकांची माळच हातीं येते. पदकाला आकार देणें आणि एक पदक दुसऱ्याशीं जोडणें, अशीं दोन कामें साचा एकाच वेळीं करतो.

२००३ सालीं सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर हींच दोन कामें करणाऱ्या युक्तीला ‘साचा’ हेंच नांव आहे. केतकरांच्या ज्ञानकोशामागें एक संपादक-मंडळ होतें. येथें मात्र कोणीही वाचक लेखक होऊं शकतो. परस्परांना न ओळखणाऱ्या इतक्या हातांनीं लिहिलेल्या पानांत मेळ राहतो, तो पुष्कळसा साच्यांमुळें.

नांदेड जिल्ह्याचेंच उदाहरण घ्यावें. जिल्ह्यांत तालुके १६. त्यांची यादी प्रत्येक तालुक्याच्या पानावर निराळी लिहिली, तर एक चूक १६ ठिकाणीं सुधारावी लागेल. म्हणून यादी एका साच्यांत ठेवतात आणि पानाच्या तळाशीं त्या साच्याचें केवळ नांव दुहेरी महिरपी कंसांत लिहितात. उमरीचें पान वाचणारा तेथूनच भोकरला किंवा धर्माबादला जाऊन पोहोंचतो. जिल्हा, लोकसंख्या असे रकाने असलेली माहितीचौकट हा दुसरा साचा. उमरी नांवाचीं गांवें अनेक असल्यामुळें वाचकाला नेमकी कोणती उमरी हवी, हें विचारणाऱ्या पानासाठीं तिसरा. साच्यांत वर्गाचें नांव गोंवलेलें असलें, तर पान आपोआप योग्य वर्गांत जाऊन बसतें. हाच तो दोरा.

परंतु साच्यांतील एक चूकही तितक्याच वेगानें सर्व पानांवर पसरते. म्हणून फार वापरांतील साचे बहुधा सुरक्षित केलेले असतात. त्यांत बदल करण्याचा अधिकार अनुभवी संपादकांपुरताच राहतो.

दुसरा धोका सहज दिसत नाहीं. रकाने भरले, कीं पान पुरें झालें असें वाटूं लागतें, आणि सारीं गांवें एकाच चेहऱ्याचीं दिसतात. उमरी हें सिकंदराबाद–मनमाड लोहमार्गावरील स्थानक. जानेवारी १९४८ मध्यें निजामी राजवटीशीं लढणाऱ्या स्वातंत्र्यसैनिकांनीं येथील बँकेवर छापा घातला; हैदराबाद मुक्तिसंग्रामांत ती घटना गाजली. हें कोणत्या रकान्यांत बसवावयाचें? त्यासाठीं गांवच्या कोणा जाणत्या माणसानें ग्रंथ पाहून, आधार देऊन, चार परिच्छेद स्वतः लिहिले पाहिजेत.

सुदैवानें तें काम कठीण नाहीं. आकाराची आणि मांडणीची चिंता साच्यानें आधींच वाहिली आहे. उमरीकरानें फक्त पाक ओतावयाचा आहे. कारण गोडी साच्यांत नसते, ती पाकांतच असते.