इतिहासाचे संशोधन कोणाच्या मुलांनी करावयाचे?



आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच मोडत असे. पुढे तो दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये सांगली. याच भूमीवर क्रांतिसिंह नाना पाटील व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४३ ते १९४६ या काळात प्रतिसरकार चालविले. त्याची न्यायदान मंडळे, तुफान सेना, गांधी-विवाह यांचे स्मरण प्रत्येक सभेत होते. परंतु हा इतिहास कागदपत्रे तपासून लिहिणारे तरुण कोठून यावयाचे, हा प्रश्न कोणत्याच सभेत निघत नाही. नानांच्या कन्या हौसाताई २०२१ मध्ये गेल्या, कुंडलचे कॅप्टन भाऊ लाड २०२२ मध्ये. तोंडी साक्षीचा काळ संपत आला आहे.

सत्यशोधक व ब्राह्मणेतर चळवळीवर गेल ऑम्व्हेट यांनी १९७३ साली प्रबंध सादर केला तो कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठास. गेलताई पुढे कासेगावच्याच झाल्या, तेव्हा परकेपणाची तक्रार करणे कृतघ्नपणाचे ठरेल. प्रश्न निराळा आहे. कासेगावच्या शेतमजुराच्या मुलीला इतिहासात एम.ए. करून पाच वर्षे संशोधनाला वाहून घेता येईल काय?

विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. रक्कम चांगली आहे. परंतु तिचे दार म्हणजे नेट परीक्षा. इतिहासाची ही प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीतच असते. मराठीतून शिकलेल्या मुलीला सेट परीक्षा मराठीतून देता येते, पण सेटने अध्यापनाची पात्रता मिळते, शिष्यवृत्ती नव्हे. म्हणजे मातृभाषेत नोकरीची आशा आणि परभाषेत निर्वाहाची सोय, अशी ही वाटणी आहे. राज्याने बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्यांवर २०२३ साली प्रत्येकी २०० जागांची मर्यादा घातली. त्यात सारे विषय आणि सारे जिल्हे आले. त्याच वर्षी तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधिमंडळात पीएच.डी.च्या उपयुक्ततेविषयीच उपहासाने शंका घेतली. अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती तर केंद्राने २०२२ मध्येच बंद केली होती.

आणि हे सारे पार करून पदवी मिळाली तरी पुढे काय? तासिका तत्त्वावरील अध्यापन! सुटीत तास नाहीत, म्हणून मोबदलाही नाही. हे डोळ्यांदेखत घडत असता पदव्युत्तर वर्गात विद्यार्थी येत नाहीत म्हणून हळहळणे, आणि इतिहासाला आता मागणी नाही असा निष्कर्ष काढणे, हा शुद्ध ढोंगीपणा आहे. मागणी इतिहासाला भरपूर आहे. मिरवणुकांत आहे, चित्रपटांत आहे, निवडणुकीच्या व्यासपीठावर तर विचारूच नये. नाही ती इतिहासाच्या अभ्यासकाला.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था १९२४ मध्ये साताऱ्यास आणली आणि ‘कमवा आणि शिका’चा मार्ग दाखविला. १९४७ साली छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले. त्या मार्गाने हजारो मुले पदवीधर झाली, हे कोणी नाकारू नये. मात्र मुंबईच्या पुराभिलेखागारात महिनोन्‌महिने बसावे लागणारा संशोधक शेतात अथवा वसतिगृहात काम करून आपला खर्च भागवू शकत नाही. तेथे रोख साहाय्यच लागते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार स्वतः इतिहाससंशोधक होते. ताराबाईकालीन कागदपत्रे त्यांनी संपादित केली. त्या परंपरेचे नाव घ्यावयाचे तर तिचा खर्चही कोणी तरी उचलावयास हवा.

तो उचलण्याची ताकद या दोन जिल्ह्यांत आहे. कृष्णाकाठचे साखर कारखाने, सहकारी बँका, दूध संघ यांपैकी कितीतरी संस्था स्वातंत्र्यसैनिकांच्या नावाने चालतात. पुतळ्यांना निधी मिळतो. एका पुतळ्याच्या खर्चात एक-दोन अभ्यासकांची काही वर्षे सहज निघतील. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.ए.च्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प आलाच आहे. ग्रामपंचायतींची जुनी दप्तरे, सोसायट्यांची इतिवृत्ते, घरोघरच्या ट्रंकेतील पत्रे यांची नोंद करण्यास तो वापरता येईल. मात्र मुलांचे प्रवासभाडे व जेवण कोणी द्यावयाचे, हे आधी ठरले पाहिजे.

जे कार्यकर्ते अशा संस्थांचे सभासद आहेत, त्यांनी येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा ठराव मांडावा: नफ्यातून इतिहासाच्या दोन विद्यार्थ्यांना तीन वर्षे साहाय्य, त्यांपैकी एक मुलगी, आणि प्रबंध मराठीत. विरोध होईल. तो कोणी केला, याचीही नोंद इतिवृत्तात व्हावी.