कडब्याची गंजी

संपाच्या सभा घेणाऱ्यांनी चाऱ्यावर बोलावे, याचे नवल वाटेल. पण आमचे निम्मे कामगार माण-सांगोल्याकडचे. गावचा गोठा खंगला की पगार तिकडेच जातो. २०१३ च्या दुष्काळात आम्ही छावणीत त्यांच्याजवळ बसलो, तेव्हा उमगले. ज्वारीचे नुसते कणीस पाहून चालत नाही; मालदांडीचा उंच कडबा म्हणजे अर्धे पीक. तोही अख्खा टाकला तर जनावर बुडखे तुडवते, म्हणून कुट्टी करावी. कुसळी गवत कुसळे धरण्याआधी कापावे. मागाहून कस जातो, तोंड मात्र सोलते. पहिल्या पावसात माळ मोकळा ठेवावा, कोंब सावरू द्यावा. हे ऐकून एक म्हातारी म्हणाली, “आरं बाबा, तवर दावणीत काय टाकू?” आम्ही निरुत्तर झालो. सुगीत कडबा स्वस्त असतो, पण तेव्हा हातात पैसा नसतो. सुगीची उचल मिळावी, ही मागणी आम्ही यंदाच्या करारात घातली आहे.