आभाळातला उपग्रह, बांधावरचा पाऊस

17 फेब्रुवारी 2024 रोजी श्रीहरिकोट्याहून इन्सॅट-3डीएस हा हवामान उपग्रह झेपावला. सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवरून तो ढगांवर नजर ठेवतो. पण नुकसानभरपाईसाठी अतिवृष्टी ठरते ती जमिनीवरच्या पर्जन्यमापकावर. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस, हा तिचा निकष. सप्टेंबर 2025 मध्ये भूम-परंड्यात पुराचं पाणी शिवारात शिरलं, तेव्हा या आकड्याचं मोल कळलं. आपल्या मंडळातलं यंत्र नीट चालतंय का, हे ग्रामसभेत जरूर विचारा. पावसासोबत वीजही पडते, म्हणून पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप घरातल्या एकाच्या तरी फोनवर ठेवा. विजेचा इशारा आला, की सोयाबीन काढणाऱ्या आई-वडिलांना लगेच फोन करा. झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात या, असं सांगा.