भोंगा झाल्यावर
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ च्या १५ ऑगस्टपासून संध्याकाळी सातचा भोंगा सुरू झाला. भोंगा झाला की साडेआठपर्यंत मोबाईल-टीव्ही बंद, पोरं अभ्यासाला. आम्हा सूतगिरणीवाल्यांना भोंगा काही नवा नाही. भोंग्यानं माणूस जागेवर येतो, काम मात्र हातात द्यावं लागतं.

म्हणून साडेआठनंतर त्याच मोबाईलला कामाला लावा. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचं नाव दाखल झालं. आपल्या घरात पहिली पाटी कुणी धरली? पोरांनी आजीला विचारावं, तिचा आवाज मोबाईलात भरावा, वहीत उतरवावा, शाळेच्या दाखल्याशी सन ताडून पाहावा. प्रकल्प म्हणतात तो हा. दुकानातली चित्रं चिकटवलेला नव्हे. आणि आजीला विचारल्याशिवाय तो आवाज कुठं पाठवू नये.

आया-बहिणींनो, पोरीला कुणी फोटो मागितला, धमकावलं, तर तिचा मोबाईल हिसकावू नका, शाळा तर मुळीच तोडू नका. पुढल्या वेळी ती सांगणारच नाही. मेसेज पुसू नका, तो पुरावा असतो. १०९८ ला फोन लावा. पैशाची फसवणूक असेल तर १९३० ला. पोलीस ठाण्यात एकटं जायला धीर होत नसेल तर विहारात निरोप द्या, आम्ही बरोबर येतो.